सायबर जोखीम, परदेशी नियम आणि सांगलीचा व्यापार-उद्योग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील कारखानदार, हळद-बेदाण्याचे व्यापारी, द्राक्ष निर्यातदार आणि सहकारी बँकांचे संचालक यांच्याशी संगणक सुरक्षेच्या निमित्ताने माझे बोलणे होत असते. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

आमचा कारखाना कुपवाडला. आम्ही कास्टिंग करतो. जगातल्या सायबर हल्ल्यांशी आमचा काय संबंध?

संबंध मालाच्या वाटेने येतो. सप्टेंबर २०२५च्या सुरुवातीला ब्रिटनमधील जग्वार लँड रोव्हर या टाटा मोटर्सच्या मालकीच्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिचे उत्पादन सुमारे पाच आठवडे बंद राहिले. हल्ला एका कंपनीवर झाला. पण काम थांबले ते तिला सुटे भाग पुरवणाऱ्यांचे, त्या पुरवठादारांना कच्चा माल देणाऱ्यांचे आणि गाड्या विकणाऱ्यांचेही. पाच हजारांहून अधिक संस्थांना झळ बसली आणि एकूण नुकसान सुमारे १९० कोटी पौंडांचे झाले, असा अंदाज तेथील सायबर मॉनिटरिंग सेंटरने दिला. ब्रिटिश सरकारला दीडशे कोटी पौंडांच्या कर्जाची हमी घ्यावी लागली. ज्या पुरवठादाराच्या स्वतःच्या संगणकाला धक्काही लागला नव्हता, त्याच्याही ऑर्डरी थांबल्या आणि पगाराची तारीख मात्र पुढे सरकली नाही.

सांगलीकराला हे कृष्णेवरून चटकन कळते. गावात पावसाचा थेंब नसतानाही आयर्विन पुलाजवळचे पाणी चढू लागते, कारण पाऊस महाबळेश्वरला आणि पाटणला पडलेला असतो आणि कोयनेचे दरवाजे उचललेले असतात. खाली अलमट्टीत किती पाणी अडवले आहे, तेही पाहावे लागते. पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी ठरलेली आहे. त्या आकड्यांचा आपल्या अंगणातल्या पावसाशी फारसा संबंध नसतो. सायबर जोखमीचेही तसेच आहे. आपल्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला कोण आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला स्वतःची जोखीम मोजता येत नाही.

हल्ला युक्रेनवर झाला, तर कंटेनर न्हावाशेव्याला कसा अडकतो?

हे प्रत्यक्ष घडलेले आहे. युक्रेनमध्ये कर आणि हिशेबासाठी एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे. आपल्याकडे टॅली जितके सर्वत्र दिसते, साधारण तसेच. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घातक प्रोग्राम मिसळला आणि २७ जून २०१७ रोजी तो पसरला. नॉटपेट्या हे त्याचे नाव. तो खंडणी मागत असे. पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती, म्हणजे मूळ हेतू नासधुशीचाच होता. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा ठपका रशियावर ठेवला. रशियाने तो नाकारला.

युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि तेथून जगभर गेला. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले आणि कंटेनर तुंबले. द्राक्षाचा हंगाम तोवर संपला होता, हे आपल्या जिल्ह्याचे नशीब. हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये घडले असते, तर रिफर म्हणजे शीत कंटेनरमधील मालाची काय गत झाली असती, हे बागायतदाराला सांगायला नको. कंपनीने पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. तिच्या जाळ्याचा मूळ नकाशा ठेवणारे जगभरचे जवळजवळ सर्व सर्व्हर पुसले गेले होते. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. भारनियमनाचे एवढे कौतुक दुसरीकडे कुठे झाले नसेल.

त्या युक्रेनी सॉफ्टवेअरचे नावही आपल्यापैकी कोणी ऐकले नव्हते आणि कोणताही भारतीय नियामक त्याची तपासणी करू शकला नसता. दुसऱ्याच्या हद्दीतील तिसऱ्याच कंपनीचा दोष आपल्या दारात येतो आणि आपला कायदा त्याला हात लावू शकत नाही. या विषयातील सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

आमची बँक सहकारी, ठेवीदार ओळखीचे, शाखा मोजक्या. आमच्याकडे कोण कशाला येईल?

हा प्रश्न मी सर्वाधिक वेळा ऐकलेला आहे आणि तो विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडे समाधानही असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम कार्डावर पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक मागणीला होकार देत गेली. २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. भारतात ज्या ठिकाणांहून काढले, त्यांत आपले शेजारचे कोल्हापूरही होते. या ९४ कोटींपैकी सुमारे १४ कोटी रुपये दोन दिवसांनी स्विफ्ट, म्हणजे बँका एकमेकींना परदेशी पैसे पाठवण्याचे आदेश देतात त्या जाळ्यावरील संदेशाद्वारे, हाँगकाँगमधील खात्यात पाठवले गेले.

त्याहून बोलके उदाहरण जुलै २०२४ अखेरचे. लहान बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक निगमाने (एनपीसीआय) खबरदारी म्हणून तिला देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. त्यामुळे देशभरातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. त्या बँकांवर हल्ला झाला नव्हता आणि त्यांनी काही चूकही केली नव्हती. सेवा सर्वांनी एकाच ठिकाणाहून घेतली होती, एवढेच.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये प्राथमिक चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची व्यवस्था आणली. कोणती बँक कोणत्या स्तरात, हे तिच्या डिजिटल सेवा किती आणि देयक व्यवस्थेशी ती किती खोलवर जोडलेली आहे, यावरून ठरते. हा विचार मला योग्य वाटतो, कारण जोखीम ठेवींच्या आकड्यापेक्षा जोडणीच्या मार्गाने येते. बँकांची संकेतस्थळे बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेशही याच धोरणाचा भाग होता. आपली बँक अजून जुन्याच पत्त्यावर दिसत असेल, तर शाखाधिकाऱ्यांना अवश्य विचारावे.

असे हल्ले सुट्टीच्याच दिवशी का होतात?

प्रत्येक देशाची सुट्टी निराळी असते आणि चोराला ती सगळी पंचांगे पाठ असतात. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत खाते होते. ४ फेब्रुवारी २०१६ च्या गुरुवारी रात्री ढाक्यातील संगणकांवरून स्विफ्टद्वारे ३५ बनावट आदेश गेले, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरचे. ढाक्याला शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार सुट्टी आणि पैसे जेथे पोहोचायचे त्या मनिलाला सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. आदेशांची नोंद छापणारा ढाक्यातील प्रिंटरही बंद पाडलेला होता. बहुतेक आदेश न्यूयॉर्कमध्ये अडले. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी डॉलर लाभार्थी संस्थेच्या नावातील स्पेलिंगच्या चुकीने लक्षात आले आणि परत मिळाले. मनिलाला गेलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र तेथील कॅसिनोंमधून पांगले.

कॅसिनोच का, याचे उत्तर कायद्यात आहे. फिलिपिन्सच्या पैसा-धुलाई प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत तेव्हा कॅसिनो येत नव्हते. ते २०१७ मध्ये आणले गेले. म्हणजे चोरीचा मार्ग आखताना हल्लेखोरांनी तीन देशांच्या सुट्ट्यांबरोबर चौथी गोष्टही पाहिली होती, ती म्हणजे कोणत्या देशाचा कायदा कुठे संपतो. सुट्टीला जोडून मोठे व्यवहार असतील, तर एका जबाबदार माणसाने घरी बसून का होईना खाते पाहावे, असे मी बँकांना आणि निर्यातदारांनाही सांगतो.

युरोपचा कायदा युरोपातल्यांना. तो तासगावच्या किंवा मिरजेच्या माणसाला कसा लागू होईल?

आपल्याकडील द्राक्षबागायतदाराला हा प्रश्न पडत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागेत सीसीसी म्हणतात, त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि शेतकऱ्यांचे हंगामाचे पैसे अडकले. युरोपियन युनियनचा कोणताही अधिकारी त्याआधी त्या बागेत आला नव्हता, शेतकऱ्याने त्यांच्याशी कोणताही करार केला नव्हता आणि तरीही तेथील अंश-मर्यादेने येथील फवारणीचे वेळापत्रक बदलले. आज अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद करणे, प्रयोगशाळेचा अहवाल जोडणे हे निर्यातीच्या रीतीचाच भाग झाले आहे. कायदा बाजारपेठेच्या दारात उभा राहतो आणि माल पाठवणाऱ्याला त्या दारातूनच जायचे असते.

सायबर सुरक्षेचे नियम आता त्याच दारात आले आहेत. युरोपियन युनियनचा एनआयएस-२ हा निर्देश सदस्य देशांनी १७ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आपापल्या कायद्यात उतरवायचा होता. अनेकांनी मुदत चुकवली, हा भाग वेगळा. ऊर्जा, बँका, आरोग्य यांच्याबरोबरच अन्नपदार्थांचे उत्पादन व घाऊक वितरण, वाहने आणि यंत्रसामग्रीची निर्मिती अशा एकूण १८ क्षेत्रांतील मध्यम आणि मोठ्या कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे आपली हळद घेणारा जर्मन मसालेवाला आणि आपले कास्टिंग घेणारा इटालियन पंपवाला हे दोघेही त्यात सापडू शकतात. गंभीर घटना घडली, तर त्यांना २४ तासांत प्राथमिक सूचना, ७२ तासांत सविस्तर माहिती आणि महिन्याभरात अंतिम अहवाल द्यावा लागतो. अत्यावश्यक गटातील कंपनीला दंड एक कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या दोन टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो आणि व्यवस्थापनालाही व्यक्तिशः जबाबदार धरण्याची तरतूद आहे.

या निर्देशात पुरवठा साखळीच्या सुरक्षेची जबाबदारी स्पष्टपणे कंपनीवर टाकलेली आहे. तिचा पुरवठादार भारतात असेल, तर नियामक भारतात येत नाही. तो त्या कंपनीला जाब विचारतो आणि ती कंपनी आपल्याला विचारते. त्यामुळे हा कायदा कुपवाडला पोहोचतो तो नोटीस म्हणून नव्हे, तर खरेदी कराराला जोडलेले एक परिशिष्ट म्हणून. त्यावर सही झाली की तो आपल्यापुरता कराराचा भाग बनतो, आणि मोडला तर शिक्षा म्हणजे ऑर्डर जाणे.

वित्तीय क्षेत्रासाठी डोरा नावाचा वेगळा नियम १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. युरोपातील बँका आणि विमा कंपन्यांचे काम पुण्या-बंगळुरूतील ज्या कंपन्या करतात, त्यांना त्याची झळ अधिक आहे. सांगलीहून घरी बसून अशा कंपन्यांचे काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर इतकी कुलपे का असतात, त्याचे एक कारण हेही आहे.

ग्राहकाने दीडशे प्रश्नांची यादी पाठवली आहे. मुलगा म्हणतो, सगळीकडे ‘हो’ लिहून टाकू.

तसे करू नये. अशा यादीतील उत्तर हे उद्या घटना घडल्यावर लेखी पुरावा ठरते. एका कारखान्यात मी पाहिलेली यादी भरून झालेली होती : नियमित बॅकअप घेतला जातो का, हो, कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर त्याचा प्रवेश बंद केला जातो का, हो. त्याच टेबलावरच्या संगणकात दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या स्टोअरकीपरचे नाव आणि पासवर्ड अजून चालत होता, आणि तो पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, शिर्डीच्या साईबाबांच्या फोटोशेजारी, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेला होता.

जे नाही तेथे ‘नाही’ लिहावे आणि पुढे ‘अमुक महिन्यापर्यंत करू’ असे लिहावे. माझ्या अनुभवात परदेशी ग्राहक अशा उत्तराने बिचकत नाहीत. सगळ्या रकान्यांत ‘हो’ दिसले, तर मात्र ते तपासणीला माणूस पाठवतात.

आम्ही मोबाइलवरून चालू-बंद होणारा शेतीपंपाचा स्टार्टर बनवतो. तो परदेशात विकायचा विचार आहे. काही अडचण?

युरोपात विकायचा असेल, तर सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट वाचावा लागेल. ज्यात सॉफ्टवेअर आहे आणि जी दुसऱ्या उपकरणाशी किंवा नेटवर्कशी जोडली जाते, अशी जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यात येते. उत्पादनातील एखाद्या त्रुटीचा गैरफायदा घेतला जात असल्याचे कळले, तर २४ तासांत कळवण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि उरलेल्या बहुतेक अटी ११ डिसेंबर २०२७ पासून. सर्व स्टार्टरना एकच ठरलेला पासवर्ड घालून विकण्याची पद्धत तेव्हा चालणार नाही. खरे तर ती आपल्या शेतकऱ्यालाही चालू नये.

एका घटनेची माहिती किती ठिकाणी आणि किती वेळात द्यायची?

येथे गोंधळ खरोखरच मोठा आहे. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि संगणक प्रणालींच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवायचे असतात. व्यक्तींची माहिती फुटली असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली डेटा संरक्षण मंडळाला आणि त्या व्यक्तींनाही कळवावे लागेल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची आहे आणि सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. बँक असेल, तर रिझर्व्ह बँकेचे वेळापत्रक निराळे.

आता युरोपचे २४ आणि ७२ तास यात मिळवा. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, घटना गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असे ठरल्यापासून चार कामकाजी दिवसांत ती जाहीर करावी लागते. तेथे घड्याळ घटना घडल्यापासून सुरू होत नाही, ती महत्त्वाची ठरल्यापासून सुरू होते, हा फरक वकिलांच्या फार आवडीचा आहे. परिणामी अनेक देशांत व्यवसाय असलेल्या कंपनीतील जी माणसे हल्ला थोपवायला हवीत, तीच पहिल्या रात्री फॉर्म भरत बसतात. सर्व देशांनी निदान फॉर्मचा नमुना तरी एक करावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्यासारख्यांनी काय करावे? कोणाला कळवायचे त्यांची नावे, मेल पत्ते आणि फोन क्रमांक आजच एका कागदावर लिहून तो कागद भिंतीला लावावा. संगणक बंद पडलेला असताना संगणकातील यादी उघडत नाही.

सगळे देश मिळून एकच कायदा का करत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. युरोप परिषदेचा सायबर गुन्ह्यांविषयीचा बुडापेस्ट करार २००१ चा आहे. भारत त्यात सामील नाही, कारण मसुदा ठरवताना आपल्याला विचारलेच नाही, ही आपली जुनी हरकत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्हेगारीविरोधी करार २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे तो सह्यांसाठी खुला झाला. मात्र ४० देशांनी मान्यता दिल्यावरच तो अमलात येईल. त्यातील तपासाचे व्यापक अधिकार सरकारे स्वतःच्याच टीकाकारांवर वापरतील, अशी मानवाधिकार संघटनांची भीती आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही.

अडचण केवळ आळसाची नाही. हल्ला करणाऱ्यांपैकी काहींच्या पाठीशी सरकारेच असतात. शिवाय प्रत्येक देशाला माहिती आपल्या हद्दीत हवी असते. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. युरोपने आपल्या नागरिकांची माहिती बाहेर नेण्यावर जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमाने अटी घातल्या. दोन्हींमागची कारणे रास्त आहेत, पण दोन्हीकडे काम करणाऱ्याला घर दोन ठिकाणी बांधावे लागते. एकाच देशातील राज्यांना कृष्णेच्या पाणीवाटपासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला आणि वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही, हे लक्षात घेतले, तर दोनशे देशांकडून एकमताची घाईने अपेक्षा करता येणार नाही.

ग्राहकाने पैसे पाठवले म्हणतो, आमच्या खात्यात आले नाहीत. हे कसे होते?

आपल्या भागात प्रत्यक्ष सर्वाधिक नुकसान करणारा प्रकार माझ्या पाहण्यात तरी हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याने मला दोन मेल छापून शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दोन्हींवर त्याच्या पेढीचे नाव, तोच बीजक क्रमांक, तेच वजन, शेवटी त्याची नेहमीची ‘वॉर्म रिगार्ड्स’ ही ओळसुद्धा. दुसऱ्या मेलमध्ये एवढेच अधिक होते की, लेखापरीक्षणामुळे आमचे खाते तात्पुरते बंद असून रक्कम पुढील खात्यात पाठवावी. ते खाते तिसऱ्याच देशातले होते. मेल पत्त्यात पेढीच्या नावातील इंग्रजी ‘एम’ होता. दुसऱ्या मेलमध्ये त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे चिकटून बसलेली होती. कागदावर, बोट ठेवून, चष्मा लावून पाहिले तेव्हा फरक दिसला. ग्राहकाने मोबाइलवर पाहिले होते.

भामटा कित्येक आठवडे आधीपासून मेल वाचत होता, नाहीतर बीजक क्रमांक त्याला कळला नसता. माल पोहोचला, ग्राहकाने पैसेही भरले आणि व्यापाऱ्याच्या हाती काही आले नाही. तक्रारदार सांगलीत, पैसे भरणारा दुसऱ्या देशात, खाते तिसऱ्या देशात. आपल्या पोलिसांना तिसऱ्या देशातील माहिती मिळवायची तर परस्पर कायदेशीर साहाय्याचा मार्ग, ज्याला महिने लागतात. पैसे त्या खात्यात दोन दिवसही राहत नाहीत.

त्यावर उपाय अत्यंत साधा आहे. करारातच लिहावे की बँक खात्यातील बदल मेलवर कळवला जाणार नाही आणि कळवला, तरी आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा झाल्याशिवाय तो ग्राह्य धरला जाणार नाही. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. तो भामट्याचाच असतो. मेलच्या पासवर्डला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी जोडावी.

पैसे गेल्याचे लक्षात आल्यावर पहिल्यांदा काय करावे?

बँकेला फोन, मग १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन, आणि मग लेखी तक्रार. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मधल्या खात्यांत रक्कम गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारात, त्रयस्थाच्या दोषामुळे पैसे गेले असतील आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले असेल, तर ग्राहकावर बोजा पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिला. मात्र वरच्या प्रश्नातील ग्राहकाने पैसे स्वतःच, स्वखुशीने पाठवले होते. तेथे असे संरक्षण कामी येत नाही.

फायली अडकवून खंडणी मागितली, तर द्यावी का?

देऊ नये, हे माझे मत. अमेरिकेतील कोलोनिअल पाइपलाइन कंपनीने मे २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. मिळालेले कुलूप उघडण्याचे साधन इतके संथ होते की, कंपनीला शेवटी स्वतःच्या बॅकअपचाच आधार घ्यावा लागला. कायद्याचा पेचही आहे. खंडणी घेणारी टोळी अमेरिकेच्या निर्बंध यादीतील असेल, तर तिला पैसे देणे हाच अमेरिकी कायद्याने गुन्हा ठरू शकतो, अशी सूचना तेथील अर्थखात्याने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिली आहे. ज्याचे व्यवहार डॉलरमध्ये चालतात, त्याने याकडे दुर्लक्ष करू नये.

विमा काढला म्हणजे प्रश्न सुटतो ना?

पॉलिसीतील अपवाद वाचल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. नॉटपेट्यात नुकसान झालेल्या मर्क या औषध कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलरचा दावा केला, तेव्हा विमा कंपन्यांनी ‘हे युद्धाचे कृत्य आहे’ असे म्हणून तो नाकारला. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण विमाक्षेत्राने त्यातून आपला धडा घेतला : लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने ३१ मार्च २०२३ पासून, सरकारपुरस्कृत सायबर हल्ले वगळणारे कलम पॉलिसीत घालणे बंधनकारक केले. एजंटला या कलमाबद्दल थेट विचारावे.

सगळे नियम पाळले, तर आम्ही सुरक्षित आहोत का?

नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोज चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो हल्ला नव्हताच. उलट, नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या आणि सुरक्षेवर पैसे खर्च करणाऱ्या संस्थाच त्यात अधिक सापडल्या. अर्धे जग मोजक्या पुरवठादारांवर टेकलेले असेल, तर एका संस्थेची तपासणी करून भागत नाही, हे युरोपच्या लक्षात आले आहे. म्हणून डोराखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ तंत्रज्ञान पुरवठादारांची नावे अतिमहत्त्वाचे म्हणून जाहीर झाली आणि ते थेट देखरेखीखाली आले. सहकारी बँकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आपल्याकडेही अशी थेट देखरेख असावी, असे २०२४ च्या घटनेनंतर मला वाटते. संचालक मंडळाच्या सभेत पुरवठादाराला प्रश्न विचारून ते काम होत नाही.

बॅकअप आम्ही घेतो. आणखी काय हवे?

तो कुठे ठेवता, हे सांगा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागातील एका पेढीचा संगणक तळमजल्यावर होता आणि रोज रात्री न चुकता घेतलेल्या बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. दोन्ही एकाच चिखलातून काढली. रॅन्समवेअरही तेच करते : संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क ते संगणकाबरोबरच कुलूपबंद करते. आता त्या पेढीत दोन डिस्क आहेत. एक दुकानात असते, दुसरी विश्रामबागला मुलीकडे कपाटात. शनिवारी त्यांची अदलाबदल होते आणि महिन्यातून एकदा दिवाणजी एखादे जुने बीजक डिस्कवरून खरोखर उघडून पाहतात.